माघातील परसबाग : रिसोड परिसरातील उन्हाळ्यापूर्वीची कामे

माघ महिना लागला की रिसोड परिसरातील शिवाराचे रूप झपाट्याने पालटू लागते. तूर घरात आलेली असते, हरभरा सोंगणीला येतो, गव्हाच्या ओंब्या भरू लागतात आणि हळदीची पाने वाळून काढणीची वेळ होते. आंब्याला मोहोर येतो, बांधावरचा पळस कळ्यांनी काळवंडतो. परसबाग मात्र याच दिवसांत सर्वाधिक हिरवी असते. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो, वाल असा भाजीपाला हाताशी असतो आणि दोन-तीन दिवसांआड पाणी दिले तरी भागते. ही हिरवळ पाहून परसात आता विशेष काही करावयाचे उरलेले नाही, असा समज सहज होतो. वस्तुतः परसबागेच्या वर्षातील सर्वांत निर्णायक कामे माघ-फाल्गुनातील याच सहा-सात आठवड्यांत करावयाची असतात. वैशाखात कोणते झाड जगेल आणि कोणते वाळेल, याचा निकाल बऱ्याच अंशी माघातच लागलेला असतो.

बागकामाविषयीची पुष्कळशी माहिती थंड हवेच्या देशांतून आपल्याकडे येते. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते, झाडे निष्पर्ण होतात आणि वसंतात बागेचे नवे वर्ष सुरू होते. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस सफरचंदाची व गुलाबाची छाटणी करणे, वाफे उकरणे, रोपे तयार करणे ही वसंताच्या स्वागताची कामे ठरतात. वऱ्हाडात ऋतुचक्र निराळे आहे. वसंतपंचमी माघात येत असली, तरी आपल्या वसंतापाठोपाठ पाऊस येत नाही; प्रखर उन्हाळा येतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. नैऋत्य मोसमी पाऊस जूनच्या मध्याच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरअखेर ओसरतो आणि वर्षभराच्या पावसाचा फार मोठा भाग याच चार महिन्यांत पडून जातो. फेब्रुवारीपासून मृगापर्यंतचे चार महिने बागेला साठवलेल्या किंवा उपसलेल्या पाण्यावरच काढावे लागतात. पैनगंगेच्या खोऱ्यातील या तालुक्यात त्या काळात विहिरींची पातळी खाली जाते. तेव्हा येथील परसबागेची तयारी म्हणजे मुख्यतः या चार महिन्यांच्या निभावणीची तयारी होय.

आधी पाण्याचा हिशेब

तयारीचा प्रारंभ कुदळीने न करता कागद-पेन्सिलीने करावा. १ चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर, हे सूत्र लक्षात ठेवले की पुढचे गणित सोपे आहे. हिवाळ्यात भाजीपाल्याला दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर पाणी लागते. मे महिन्यातील उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात हीच गरज ६ ते ८ मिलिमीटरपर्यंत जाते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०० चौरस मीटर. एवढ्या बागेला हिवाळ्यात दिवसाकाठी २०० ते ३०० लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात तिला ६०० ते ८०० लिटर लागेल.

आता घरातील उपलब्धता पाहू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरण्यात आले. पाच माणसांच्या घराला या प्रमाणाने २७५ लिटर पाणी मिळते. यांपैकी आंघोळ, भांडी व धुणे यांतून पुन्हा वापरता येण्याजोगे निम्मे, म्हणजे सुमारे १३५ लिटर पाणी हाती लागते असे मानू. दोन-तीन फळझाडे जगविण्यासाठी त्यातून रोज दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर बाजूला काढले, तर १०५ लिटर उरतात. दिवसाला ७ मिलिमीटरची गरज धरल्यास हे पाणी १५ चौरस मीटरला, म्हणजे सुमारे १६० चौरस फुटांना पुरेल. गुंठाभर परसबागेचा हा जवळजवळ सातवा हिस्सा झाला.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्येक घरी आकडे थोडे बदलतील. परंतु त्याचा निष्कर्ष टाळता येत नाही. संपूर्ण गुंठा हिरवा ठेवण्याच्या प्रयत्नात पाणी सर्वत्र थोडेथोडे विभागले जाते, कोणत्याच झाडाच्या मुळांपर्यंत ओल पोहोचत नाही आणि एप्रिलअखेर सारीच बाग एकदम मान टाकते. त्याऐवजी माघातच बागेचे तीन भाग ठरवावेत : पुरेसे पाणी देऊन जोपासावयाचा छोटा भाजीपाला, केवळ जगवावयाची झाडे आणि पावसाळ्यापर्यंत विश्रांती द्यावयाची जमीन. बाग विचारपूर्वक लहान करणे हे उन्हाळी तयारीतील पहिले काम आहे.

सांडपाण्याचा सुजाण वापर

मोरीच्या सांडपाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ लावण्याची आपल्याकडील जुनी पद्धत शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे. या वनस्पती भरपूर पाणी शोषून घेतात आणि मोरीच्या तोंडाशी डबके साचू देत नाहीत. त्यामुळे डासांची पैदास रोखली जाते. मोरी आणि बाग यांच्यामध्ये दोन-अडीच फूट खोलीचा एक खड्डा घेऊन त्यात तळाशी दगडगोटे, त्यावर खडी आणि वर जाड वाळू भरल्यास पाण्यातील साबणाचा फेस, तेलकटपणा व अन्नकण अडतात. वरचा वाळूचा थर महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुऊन घ्यावा.

काळ्या जमिनीत मात्र एक पथ्य आवश्यक आहे. ही जमीन मुळातच काहीशी विम्लधर्मी असते. धुण्याच्या सोड्यातील व साबणाच्या चुऱ्यातील सोडियम तिच्यात साचत गेल्यास चिकणमातीचे कण विस्कटतात, जमीन चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते. म्हणून कपडे धुण्याचे पहिले साबणाचे पाणी बागेत सोडू नये. नंतर खळबळलेले पाणी घ्यावे. पाणी एकाच जागी सतत न सोडता आळी बदलत जावे. सांडपाणी वेलांच्या व झाडांच्या बुंध्याशी द्यावे. पालेभाज्या आणि कच्चे खाल्ले जाणारे मुळा, कोथिंबीर, काकडी यांना ते लागू देऊ नये. पालेभाजीच्या छोट्या वाफ्याला दिवसाला पंधरा-वीस लिटर स्वच्छ पाणी लागते. त्याची सोय स्वतंत्रपणे करावी.

भेगा आणि आच्छादन

काळी जमीन ओलीत फुगते आणि वाळताना आकसते. फाल्गुनापासून तिला पडणाऱ्या भेगा केवळ वरवरच्या नसतात. त्यांच्या वाटे खालच्या थरांतील ओल उडून जाते, बारीक मुळ्या तुटतात आणि दिलेले पाणी मुळांना न मिळता थेट खोल उतरते. म्हणून भेगा दिसू लागण्यापूर्वीच वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने भुसभुशीत करून घ्यावी. मातीचा हा सुटा थर खालच्या ओलाव्यावर पांघरुणासारखे काम करतो. ज्या भेगा पडल्या असतील, त्या पाणी देण्याआधी कुजलेले खत व माती घालून बुजवाव्यात.

याच्या जोडीला आच्छादन करावे. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचे कुटार सहज मिळते. शिवाय माघ-फाल्गुनात कडुनिंब व इतर झाडांची पानगळ सुरू असते. हा पालापाचोळा गोळा करून पेटविण्याची सवय अद्याप अनेक ठिकाणी आहे. जाळलेल्या पाल्याबरोबर जमिनीचे सेंद्रिय खत तर जातेच. शिवाय उन्हाळ्यात मुळांवर घालावयाचे पांघरूणही जाते. वाफ्यात व आळ्यात तीन-चार इंच जाडीचा थर द्यावा. तो खोडाला चिकटू देऊ नये. चार बोटे अंतर ठेवावे, नाहीतर खोडाची साल सडण्याचा धोका असतो. कोरड्या आच्छादनाखाली उधई लागते. त्यासाठी आच्छादन ओल असलेल्या जागीच करावे आणि दर आठ-दहा दिवसांनी उचलून पाहावे.

फळझाडांसाठी मडक्याची पद्धत उपयुक्त आहे. न भाजलेल्या मातीचे नव्हे, तर नेहमीचे भाजलेले परंतु रंग वा लुकण न दिलेले सच्छिद्र मडके आळ्यात गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. भोवतालची माती कोरडी होईल तसतसे पाणी झिरपत राहते. सात-आठ लिटरचे मडके जमिनीच्या प्रकारानुसार साधारण चार-सहा दिवस चालते. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका शेतीग्रंथात या पद्धतीचे वर्णन आढळते. दोन हजार वर्षे टिकलेली ही युक्ती कुंभाराच्या गावात कोणालाही परवडण्यासारखी आहे.

उन्हाळी भाजीपाल्याची पेरणी

ठरविलेल्या छोट्या जागेत काय लावावे? पाच माणसांच्या घरासाठी १६० चौरस फुटांची एक मांडणी अशी करता येईल : ८० चौरस फुटांचा वेलांचा मांडव, ५० चौरस फुटांत भेंडी व गवार आणि ३० चौरस फुटांत पालेभाजी. मांडवावर दोडका, कारले व दुधी यांचे दोन-दोन वेल पुरेत. भेंडीची पंधरा-वीस झाडे असली, तर दोन-तीन दिवसांआड एका वेळची भाजी निघते. पालेभाज्यांत मेथी व कोथिंबीर उन्हाला फार काळ टिकत नाहीत, फुलावर येतात. त्यांची जागा तांदुळजा, राजगिरा आणि अंबाडी यांना द्यावी. कोथिंबीर हवीच असेल, तर ती मांडवाच्या सावलीत थोडी पेरावी.

या पिकांच्या पेरणीची योग्य वेळ जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. फार लवकर पेरल्यास रात्रीच्या थंडीने वेलभाज्यांचे बी उगवत नाही, कुजते. मार्चच्या मध्यानंतर पेरल्यास रोप कोवळे असतानाच उन्हाच्या झळांत सापडते. थंडी रेंगाळलेली असेल, तर दुधी, दोडका, कारले यांचे बी रात्रभर पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात उबदार जागी बांधून, मोड आल्यावर छोट्या पिशव्यांत लावावे आणि रोपे दोन-चार पानांची झाल्यावर जागेवर न्यावीत. या वेलांची मुळे दुखावलेली खपत नाहीत. म्हणून पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासह लागवड करावी. त्यासाठी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे आठवडाभर आधी घेऊन त्यांत निम्मे कुजलेले शेणखत मिसळावे.

सर्व बी एकदम पेरू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस व गारपीट होण्याचा धोका असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याने त्याचा तडाखा अनुभवला आहे. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत पेरणी केल्यास आणि मूठभर बी राखून ठेवल्यास एका गारपिटीने सारा हंगाम हातचा जात नाही.

वेलांना फुले भरपूर आणि फळे मात्र नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते. या वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. प्रारंभी बहुधा नर फुलेच येतात, त्यामुळे घाईने वेल उपटू नयेत. पुढे मधमाश्या कमी असतील, तर ताजे नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हळुवार लावावा. लाल भोपळ्याची व काकडीची फुले सकाळी उमलतात. दुधी व दोडक्याची सायंकाळी. परागीकरण त्या त्या वेळीच करावे. सकाळच्या वेळी कीटकनाशक फवारल्यास मधमाश्या मरतात आणि फळधारणाच घटते, हेही ध्यानात ठेवावे.

फळझाडे आणि फुलझाडे

जगवावयाच्या झाडांमध्ये सर्वांची गरज सारखी नसते. सीताफळ व बोर ही झाडे पाने गाळून स्वतःच उन्हाळ्याची तजवीज करतात. त्यांना या काळात पाणी देऊन जागे करण्याचे कारण नाही. पेरूलाही फेब्रुवारीनंतर पाणी तोडून विश्रांती दिल्यास पावसाच्या प्रारंभी त्यावर मृगबहार धरता येतो. ही झाडे हिशेबातून वगळली की पाण्याची मोठी बचत होते.

लिंबू, संत्रा व मोसंबी यांचे तसे नाही. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्यावर आंबिया बहाराची फुले येतात. एकदा बहार धरल्यावर पाण्यात खंड पडला आणि मग एकदम भरपूर पाणी दिले, तर फुले व कोवळी फळे गळतात. म्हणून थोडे परंतु नियमित पाणी देणे शक्य असेल तरच आंबिया बहार राखावा. ते शक्य नसल्यास झाडाला जगण्यापुरते पाणी देऊन मृगबहाराची वाट पाहणे शहाणपणाचे. फुलोऱ्यात असताना आळ्यात खोल खणू नये. खुंटावरून व खोडावरून सरळ वर निघणारे पाणसोट फुटताच काढून टाकावेत. खोडाला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, एकूण १० लिटर पाणी होईल अशा रीतीने एकत्र करावेत. मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये. या मलमाने बुरशीपासून आणि उन्हाने साल तडकण्यापासून खोडाचे संरक्षण होते.

आंब्याला मोहोर असताना छाटणी करू नये. तुडतुडे व भुरी यांच्याकडे लक्ष ठेवावे. झाड पाण्यावर असेल, तर फळे वाटाण्याएवढी झाल्यावरच पाणी सुरू करावे. शेवग्याच्या शेंगा संपल्यावर झाड तीन फुटांवर छाटल्यास पुढील फुटवा हाताच्या उंचीत राहतो.

फुलझाडांपैकी मोगऱ्याची छाटणी जानेवारीत झाली नसेल, तर माघाच्या प्रारंभी करून घ्यावी. खत-पाणी मिळताच नव्या फुटीवर चैत्रापासून कळ्या येतात. शेवंतीचा बहार संपल्यावर जुने दांडे कापून जमिनीलगतचे मुनवे कुंडीत किंवा सावलीच्या वाफ्यात जपावेत. पुढील वर्षीची लागवड त्यांच्यापासूनच व्हावयाची असते.

गेल्या पावसाळ्यातील रोपे

वनमहोत्सवाची प्रथा १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केली. तेव्हापासून दरवर्षी जुलैमध्ये लक्षावधी रोपे लावली जातात. रोपे लावल्याची नोंद पावसाळ्यात होते, पण रोपाची खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्यात होते. आठ-नऊ महिन्यांच्या रोपाची मुळे अद्याप वरच्या थरातच असतात आणि नेमका तोच थर प्रथम वाळतो.

शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, आरोग्य उपकेंद्र व स्मशानभूमी येथील रोपांची मोजणी फेब्रुवारीतच करावी. जगलेल्या प्रत्येक रोपाभोवती आळे, आळ्यात आच्छादन आणि शक्य तेथे एक मडके अशी व्यवस्था करावी. दुपारनंतरचे ऊन सर्वाधिक बाधते. म्हणून रोपाच्या पश्चिमेला व नैऋत्येला तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा आडोसा उभा करावा. कोरड्या जमिनीत रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी मुरवणे अधिक हितावह आहे. वरचेवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात. खोल मुरलेले पाणी त्यांना खाली नेते.

खताची भट्टी आताच लावावी

मृगात लागणारे खत मृगात तयार होत नाही. पालापाचोळा व शेण यांचे चांगले कंपोस्ट होण्यास तीन-चार महिने लागतात. फेब्रुवारीत भरलेला खड्डा जूनमध्ये बरोबर हाताशी येतो. शिवाय खड्डा भरताना प्रत्येक थर भिजवावा लागतो आणि तेवढे पाणी माघात असते, वैशाखात नसते.

या बाबतीत वाशीमच्या शेजारीच घडलेले एक कार्य लक्षणीय आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी विटांची टाकी बांधून तिच्या भिंतींत हवा खेळण्यासाठी छिद्रे ठेवावयाची आणि काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर एकाआड एक भरावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. थोड्या शेणात जास्तीत जास्त काडीकचऱ्याचे खत करणे, हे तिचे वैशिष्ट्य. सुमारे शंभर किलो शेण एका टाकीला पुरते. मात्र पाणी दीड-दोन हजार लिटर लागते. ग्रामपंचायत किंवा शाळा यांना अशी टाकी सोयीची आहे. घरच्या परसात याच तत्त्वावर तीन फुटांचा लहान ढीग करून तो शेणामातीने लिंपून ठेवला, तरी परसबागेपुरते खत मिळते.

बियाण्यांची राखण

हिवाळी भाजीपाला संपत येताना सारे वाफे एकदम मोकळे करू नयेत. मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा यांची उत्तम, निरोगी अशी काही झाडे बियांसाठी राखावीत. लवकर फुलावर आलेले झाड बियांसाठी निवडू नये, कारण तोच गुण पुढील पिढीत उतरण्याचा संभव असतो. वांगे पूर्ण पिकून पिवळे पडू द्यावे. टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवून बी धुऊन घ्यावे. संकरित वाणाचे बी मात्र राखू नये. त्यातून मूळ झाडाचे गुण सारखेच उतरत नाहीत.

बी सावलीत, पातळ पसरून वाळवावे. दातांखाली दाबल्यावर कटकन तुटणारे बी साठवणीस योग्य समजावे. ते कोरड्या बरणीत गाळलेली राख घालून घट्ट झाकावे आणि वर वाणाचे नाव, वर्ष व महिना लिहावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० च्या पद्मश्री सन्मानाने गौरविण्यात आले. त्यांच्या कार्याचा आरंभ घरच्या परसातूनच झाला, ही गोष्ट प्रत्येक गावातील महिला बचत गटांना उमेद देणारी आहे.

शाळेची परसबाग आणि उन्हाळी सुटी

शालेय पोषण परसबागांसाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना निर्गमित केल्या. तत्पूर्वीही अनेक शिक्षकांनी आपल्या शाळांत उत्तम बागा उभ्या केल्या होत्या. परंतु शाळेच्या बागेची एक स्वतंत्र अडचण आहे. तिला मिळणारे पाणी बहुधा मध्यान्ह भोजनानंतर हात व ताटे धुतल्याचे असते. साठ विद्यार्थ्यांच्या शाळेत प्रत्येकी दोन लिटर धरले, तर रोजचे १२० लिटर झाले. मे महिन्याच्या प्रारंभी सुटी लागते आणि विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे उन्हाचा तडाखा सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच सात-आठ आठवड्यांत बागेचे पाणी आणि बाग पाहणारे हात दोन्ही नाहीसे होतात. वर्षभर विद्यार्थ्यांनी जोपासलेली बाग जूनमध्ये काटक्यांच्या रूपात दिसते आणि त्यांचा उत्साह मावळतो.

यावर उपाय वेळापत्रकात आहे. शाळेत उन्हाळी पेरणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटोपावी. भेंडीची पहिली तोडणी ४५ ते ५० दिवसांत आणि दोडका-दुधीची ५५ ते ६५ दिवसांत होते. अशा रीतीने मार्चअखेर व एप्रिलमध्ये भाजी विद्यार्थ्यांच्या ताटात येते आणि परीक्षा संपता संपता वाफेही मोकळे होतात. त्यानंतर वाफ्यांवर पालापाचोळा पसरून त्यांना विश्रांती द्यावी. ज्या वाफ्यात मर किंवा मूळकूज आली असेल, तो एकदा भरपूर भिजवून पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाने चार ते सहा आठवडे घट्ट झाकून ठेवावा. उन्हाच्या उष्णतेने मातीतील रोगजंतू व तणांचे बी मोठ्या प्रमाणात नष्ट होते. १९७६ साली इस्राएलमधील संशोधकांनी शास्त्रीयरीत्या मांडलेली ही पद्धत वऱ्हाडातील मे महिन्यासाठी जणू तंतोतंत आहे. ज्या उन्हाने बाग वाळते, तेच ऊन येथे कामाला लावता येते.

शाळेत कायम ठेवावयाची झाडे मोजकी असावीत : शेवगा, कढीपत्ता, लिंबू. त्यांना मडकी बसवून आठवड्यातून दोन वेळा ती भरण्याची जबाबदारी सुटीपूर्वीच निश्चित करावी. शाळेशेजारी राहणारे दोन-तीन विद्यार्थी व त्यांचे पालक, शालेय व्यवस्थापन समितीचा एक सदस्य आणि स्वयंपाकी ताई यांच्यात वार वाटून घेतल्यास कोणावरच भार पडत नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे

पंचायत सदस्यांनी या विषयाकडे पाणी, पोषण व आरोग्य यांचा एकत्रित प्रश्न म्हणून पाहावे. उन्हाळ्यात बाजारातील पालेभाजी महाग होते आणि सर्वप्रथम गरिबाच्या ताटातून नाहीशी होते. गर्भवती व स्तनदा माता आणि लहान मुले यांना लोह व अ जीवनसत्त्व पुरविणारा तो स्वस्तातील आधार असतो. मोरीच्या पाण्यावर उभा राहिलेला १६० चौरस फुटांचा भाजीपाला त्या घराच्या वैशाखातील आहारात ठळक फरक घडवितो. शिवाय गल्लीतील सांडपाण्याचे डबकेही कमी करतो.

प्रजासत्ताकदिनाच्या ग्रामसभेत गावातील पाण्याच्या उन्हाळी स्थितीचा आढावा घेताना तीन गोष्टी नोंदविता येतील. पहिली, सार्वजनिक जागेतील जिवंत रोपांची संख्या. दुसरी, मे महिन्यात त्या प्रत्येक जागी पाणी कोण देणार, त्याचे नाव. तिसरी, पालापाचोळा न जाळता कोठे साठवावयाचा, ती जागा. तांत्रिक मार्गदर्शनासाठी रिसोड तालुक्यातच करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही १९६९ पासून विदर्भाच्या हवामानाला अनुरूप संशोधन करीत आले आहे. वाण, रोग व माती परीक्षण यांविषयीच्या शंका तेथे विचारून घ्याव्यात.

परसबाग ही मोठ्या खर्चाची बाब नाही. तिला लागते ती वेळेची जाण. कुटाराचे दोन भारे, कुंभाराची चार मडकी, मोरीपाशी एक वाळूचा खड्डा आणि राखून ठेवलेले मूठभर बी एवढी सामग्री माघात जमविली, तर गुढीपाडव्याला मांडवावर वेल चढलेले असतात. पुढे आकाश कोरडे आणि विहीर खोल गेली, तरी त्या घरी दोन दिवसांआड ताजी भाजी शिजते. आणि मृगाची पहिली सर येते, तेव्हा विश्रांती घेतलेली उरलेली जमीन, कुजलेले खत व नाव लिहिलेली बियाण्यांची बरणी पेरणीसाठी तयार असते.